कोणत्या वयात कोणता दात

दातांच्या डॉक्टरकीत बीडीएसनंतर येणाऱ्या एमडीएसच्या प्रवेश परीक्षेला बसणाऱ्या प्रत्येकाला एक तक्ता पाठ करावाच लागतो. कोणता दात जबड्याच्या आत कधी बनायला लागतो, त्याचा माथा, म्हणजे पुढे हिरडीबाहेर दिसणारा भाग, कोणत्या वयात पुरा होतो, आणि तो तोंडात कधी उगवतो. एकेका दाताची तीन-तीन वयं. यात समजून घेण्यासारखं काही नाही असं सगळेच सांगतात. घोका, पेपरात ओका, मार्क घ्या, विसरा. मीही कॉलेजात असताना त्या तक्त्याला पोटभर शिव्या घातल्या आहेत. पण त्याच तक्त्यानं आमच्या वस्तीतली एक जुनी हलगर्जी माझ्यासमोर आणून ठेवली, आणि तेव्हा तापलेलं माझं डोकं अजून निवलेलं नाही.

आमचं गाव संग्रामपूर तालुक्यात. घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिली. बाबा काळीपिवळी चालवतात, माय आमच्या तुकड्यात मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, लावते आणि बाजारात नेऊन विकते. बीडीएसला माझा नंबर माझ्या मार्कांवर लागला आणि मी ते पाचही वर्षं एकाही विषयात न अडकता पार पाडलं. हे सांगायला मला संकोच वाटत नाही. ज्यांच्या घरात तीन पिढ्या डॉक्टर आहेत त्यांनी संकोच करावा.

पुढे एमडीएस करायचं ठरवलं तर वस्तीत सगळ्यांना एकच प्रश्न. "दाताचीच डाक्टर झाली ना व? आता अजून काय शिकतं? दात त तेवढेच हायेत!" पहिल्यांदा मी हसले. दहाव्यांदा हसू येत नाही. पहिल्या खेपेला माझी सीट थोडक्यात हुकली होती. दुसऱ्या खेपेसाठी दवाखान्यातली नोकरी सोडून मी घरी आले आणि विहाराच्या मागच्या खोलीत अभ्यासाला बसायला लागले. खोलीत टेबल आहे, पंखा आहे, मोबाईलला रेंज मात्र नाही. रेंज बाहेर पायऱ्यांवर. म्हणून वाचन खोलीत आणि मोबाईलवरचा क्लास पायरीवर, अशी माझी विभागणी होती.

मला नुसतं वाचून पाठ होत नाही. हात लागल्याशिवाय माझ्या डोक्यात काही बसत नाही. म्हणून उजळणीसाठी मी माझ्या बहिणीला धरत असे. ती माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान, तालुक्याच्या कॉलेजात बीएला. दुपारी ती पायरीवर उन्हाकडे तोंड करून बसायची, आ करायची, आणि मी तोंडात घालायचा छोटा आरसा घेऊन एकेका दाताला टिचकी मारत त्याची वयं म्हणत जायचे.

"किती वेळ व ताई? जबडा दुखून राह्यला."

"पेशंट बोलत नसतो."

"पेशंटले बसाले खुर्ची तरी असते. मी पायरीवर हाओ, अन् कुल्ला कराले गेली का तू ओरडते."

बदल्यात तिच्या वाट्याची भांडी मी घासायची, असा आमचा करार होता. करार तिनेच केला होता आणि त्यात तिचाच फायदा होता.

तिचे दात तपकिरी आहेत. पुढचे वरचे दोन तर दुरूनही दिसतात. त्यामुळे ती हसताना ओढणी तोंडावर घेते. शाळेत असल्यापासून घेते. फोटोत ती कधीच हसलेली नाही. माझे पुढचे दात मात्र पांढरे. आमच्या घरात या गोष्टीचा फार सोपा अर्थ लावलेला होता: मोठी दात घासते, लहानी घासत नाही. त्यापुढचा अर्थ असा, की लहानी चोरून मशेरी लावते. माय तिचं दप्तर झाडायची, उशीखाली बघायची. मशेरीची पुडी कधीच सापडली नाही. पण न सापडल्यामुळे मायचा संशय कमी व्हायच्या ऐवजी वाढला. म्हणजे पोरगी हुशारीनं लपवते!

एका दुपारी आत्याबाई आली. बाबांची मोठी बहीण, सोनाळ्याला दिलेली. आल्या आल्या पाणीही न पिता तिनं सांगितलं, की तिच्या नणंदेच्या नात्यातले पाहुणे पुढच्या आठवड्यात लहानीला पाहायला येणार. पोरगा वीज मंडळात ठेक्यावर आहे, वागणूक चांगली, व्यसन नाही.

"पन एक सांगू काय," आत्याबाई मायला म्हणाली, "त्याची माय लय चिकित्सक हाय. पोरीले हसाले लावल. मंग काय करशान? हे दात घिऊन बसवशान काय तिले पुढे?"

"म्या त लहानपनापासून सांगून राह्यली, घास बाप्पा, घास," माय म्हणाली. "ऐकते कोन?"

"आता घासून काय होते? बाजारात तो दातवाला बसते ना, बांगडीवाल्याच्या बाजूले. तो तेजाब लावून देते. कापसाचा बोळा फिरवला का दात पांढरे फक्क. आमच्याकडच्या दोन पोरीचे केले त्यानं, दोघीचं जमलं."

मी आतून बाहेर आले. तेजाब म्हणजे ॲसिड. तो माणूस दातावर ॲसिड लावतो, त्यानं वरचा थर जळून जातो आणि चार दिवस दात पांढरा दिसतो. मग तो खरबरीत होतो, थंड-गरम सोसत नाही, आणि आधीपेक्षा जास्त काळा पडतो. इनॅमल एकदा गेलं की शरीर ते पुन्हा बनवत नाही. बनवणाऱ्या पेशी दात उगवतानाच संपलेल्या असतात. हे मी दोघींना सांगितलं. जमेल तितक्या साध्या भाषेत सांगितलं. आणि हेही सांगितलं, की हा डाग घाणीचा नाही, पाण्याचा आहे. पाण्यात फ्लोराईड जास्त असलं की लहानपणी दात बनतानाच डाग आत बसतो. ब्रशनं निघत नाही.

मायनं ऐकून घेतलं. मग एकच प्रश्न विचारला.

"एकाच हापशीचं पानी पेल्या ना दोघी? मंग तुह्ये कसे पांढरे?"

आत्याबाई माझ्याकडे बघून हसली. "सांगा डाक्टरीनबाई!"

पाच वर्षं शिकून, दवाखान्यात दात काढून, भरून, परीक्षेचे हजार प्रश्न सोडवून, माझ्या चौथी शिकलेल्या मायच्या साध्या प्रश्नापुढे मी नापास. प्रश्न चुकीचा असता तर राग आला नसता. प्रश्न बरोबर होता. एकच घर, एकच माठ, एकच हापशी. कोणाकोणाचं शरीर जास्त पकडतं, असं काहीतरी मी पुटपुटले आणि ते मलाच पटलं नाही.

सगळ्यात जास्त चीड आली ती बहिणीची. ती चुलीपाशी बसून शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "लावू दे ना ताई. एकदाचे पांढरे होऊ दे. चार दिवस त चार दिवस. कोनी मशेरीवाली त म्हननार नाई."

बाजाराच्या दिवशी तिला घेऊन जायचं, असं ठरलं. मला कोणी विचारलं नाही. डॉक्टर मी दुसऱ्यांच्या घरची.

दुसऱ्या दिवशी पायरीवर मोबाईलवर क्लास चालू होता. शिकवणारे सर शहरातले, बोलायला एकदम फास्ट. स्क्रीनवर एका तोंडाचा फोटो आला. तपकिरी दात, वरचे पुढचे दोन सगळ्यात गडद. माझ्या बहिणीचंच तोंड वाटावं असं. सर म्हणाले, "हा फोटो आला की डोळे झाकून फ्लोरोसिस टिक करायचं. विचार करत बसायचं नाही. एक मार्क खिशात, पुढे चला." बाजूला पोरांचे मेसेज पळत होते. कोणीतरी फोटोतल्या बाईला लिहिलं, "ताई, ब्रश करत जा." त्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग. होणारे दंतवैद्य हे! ज्यांना हा रोग काय आहे ते तोंडपाठ आहे, तेच ब्रश कर म्हणून हसतात. मग माझ्या अडाणी आत्याला काय बोलू? सरांनी कोणाला एक शब्द सुनावला नाही. त्यांना पुढचा विषय घ्यायचा होता.

मी मेसेज लिहिला, की ही ताई रोज ब्रश करते, तुम्ही हसणं बंद करा. तो मेसेज बाकीच्या मेसेजांत वर वाहून गेला. कोणी वाचला की नाही देव जाणे.

पुढचा विषय तोच तक्ता. सर लय लावून म्हणत होते, वरचा मधला पटाशीचा दात, सुरुवात तीन-चार महिने, माथा पुरा चार ते पाच वर्षं. दुसरी दाढ, सुरुवात अडीच ते तीन, माथा पुरा सात ते आठ वर्षं. मी त्यांच्या मागे मागे म्हणत होते, तोंडानं नुसतं, डोकं अजून त्या हसणाऱ्या तोंडांत अडकलेलं. आणि म्हणता म्हणता जीभ थांबली.

चार ते पाच वर्षं. म्हणजे मी पाच वर्षांची झाले तेव्हा माझे पुढचे दात आतल्या आत बनून तयार होते. त्यानंतर पाणी कसंही येवो, त्यांना काय फरक पडणार? आणि मी पाच वर्षांची होते तेव्हा बहीण नुकती जन्मली होती. तिचे सगळेच बनायचे होते.

मी मोबाईल तसाच पायरीवर बोलत ठेवला आणि घरी पळाले.

"चाल, बाहेर चाल. आ कर."

"आता कायले? भांडे मीच घासले आज."

"चाल म्हनलं ना."

उन्हात तिला बसवलं. पुढच्या दातांची टोकं पांढरी होती. तिथून पुढे डाग सुरू होत होता आणि हिरडीपर्यंत गडद होत गेला होता. मागच्या दुसऱ्या दाढा तर टोकापासून हिरडीपर्यंत तपकिरी. दात टोकाकडून बनत येतो, हिरडीकडचा भाग शेवटी. नखासारखंच, टोक सगळ्यात जुनं. म्हणजे तिचे दात बनायला लागले तेव्हा पाणी बरं होतं. मग कधीतरी, ती दोन वर्षांच्या आसपास असताना, पाणी बदललं. तेव्हा मी सातची. सातव्या वर्षी माझ्या तोंडात बनायचं काय शिल्लक होतं? अक्कलदाढा सोडल्या तर दुसऱ्या दाढांचा हिरडीकडचा भाग. बाकी सगळं झालेलं.

मी आरसा तिच्या हातात दिला. "आता तू पाह्य. सगळ्यात मागची अक्कलदाढ सोड, तिच्या पुढची. हिरडीपाशी काय दिसते सांग."

"मले काय समजते त्यातलं?"

"डोळे हायेत ना? पाह्य."

तिनं माझा गाल ओढला, आरसा घातला, माझी जीभ बाजूला सारली. बराच वेळ बघितलं. माझ्या तोंडात तिचा हात असल्यामुळे मला बोलता येत नव्हतं आणि तिला त्याची मजा येत होती. "पेशंट बोलत नसतो," म्हणाली. मग तिची मजा थांबली.

"ताई, हिरडीपाशी पट्टा हाय. तपकिरी. माह्यासारखाच." तिनं दुसऱ्या बाजूला बघितलं. "इकडं पन हाय. बाकीचे साफ हायेत."

तोंड म्हणजे काही कॅलेंडर नाही, हे मला कळतं. फ्लोराईड बनलेल्या इनॅमललाही पक्कं होताना गाठतं, त्यामुळे रेघ पट्टीनं आखल्यासारखी नसते. पण दोघींची तोंडं एकाच काळाकडे बोट दाखवत होती. मी तिला हे सगळं समजावून सांगितलं. ती आरसा ओढणीला पुसत ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली:

"म्हंजे मी घासतच होती."

या वाक्यावर मला जो राग आला तो शब्दात बसत नाही. स्वतःचे दात आपण घासत होतो की नाही, हे त्या पोरीला इतक्या वर्षांनी एका तक्त्यावरून कळत होतं! इतक्यांदा ऐकलं होतं तिनं, की तिचाच तिच्यावरचा विश्वास उडाला होता.

आता प्रश्न एकच. मी सात वर्षांची असताना पाण्याचं झालं काय?

मायला विचारलं तर ती भाजीच्या जुड्या बांधत होती. "तवा काय होनार? आपन त हापशीचंच पेत होतो." मग हात थांबला. "नाई. आधी नव्हतो पेत. आधी म्या नाल्यापलीकडच्या मळ्यातल्या विहिरीवरून आनत होती. डोक्यावर दोन, कंबरेवर एक. तू मागून तांब्या घिऊन येत होती."

"काऊन? हापशी होती ना दाराशी?"

"होती. पन तू व्हाच्या आधीच तिले लाल लावला होता ना. सरकारी मानसं आलते, पानी शिशीत घिऊन गेलते. मंग तोंडाले लाल रंग लावून गेले. म्हने पिऊ नका, भांडे-कपडे करा."

"मंग प्याले कवा लागलो?"

"रंगवली तवा."

"कोनं रंगवली?"

आणि मग मलाही आठवलं. मी दुसरीत होते. गावाला स्वच्छतेच्या स्पर्धेत उतरायचं होतं, तपासायला साहेब लोक येणार होते. शाळेच्या भिंतीवर घोषवाक्यं आली, रस्त्याच्या कडेचे दगड पांढरे झाले, आणि गावातल्या सगळ्या हापशा एकसारख्या निळ्या रंगानं रंगवल्या. आम्हा पोरांना रांगेत उभं करून बिस्किटं दिली. निळी हापशी आम्हाला फार आवडली होती. त्या निळ्याखाली लाल गेला, याकडे रंगवणाऱ्यानं बघितलं नाही. त्याला रंगवायला सांगितलं होतं, त्यानं रंगवलं.

"तुमी कोनी इचारलं नाई, लाल काऊन पुसला?"

"काय इचाराचं?" मायचा आवाज चढला. "सरकारनं लाल लावला, सरकारनंच पुसला. आमाले वाटलं नीट केली. बिघडली होती, दुरुस्त केली, म्हून नवा रंग देल्ला. उगाच कोनी रंग देते काय?"

आमच्या वस्तीत एकाही माणसाला याहून वेगळं वाटलं नाही. वाटणार कसं? सायकल दुरुस्त झाली की रंग मारतात, घर लिंपलं की रंग देतात. रंग म्हणजे काम झालं. शिकलेल्या माणसानं लावलेल्या खुणेवर आमच्या लोकांनी विश्वास ठेवला, डोक्या-कमरेवरची तीन भांडी उतरवून विहीर सोडून देण्याइतका विश्वास. आणि ज्यांना ती खूण सांभाळायची होती त्यांना स्पर्धा जिंकायची होती. बक्षीस मिळालं की नाही कोणाला आठवत नाही. मशेरीवाली मात्र माझी बहीण ठरली.

मी पेटीतून दातावरचं कीटण काढायचं हत्यार घेतलं आणि हापशीपाशी गेले. बहीण आली, माय जुड्या तशाच टाकून आली. हापशी आजही आहे, वस्तीच्या तोंडाशीच. आता घरोघरी नळ आले आहेत, पण नळाला पाणी येतं तेव्हा येतं. नाही आलं की सगळे हापशीवर. मी पाण्याच्या तोंडाजवळ खरवडायला लागले. वर फिकट निळा, त्याखाली गडद निळा, आणि त्याच्याखाली, पापुद्र्यासारखा निघाला, लाल.

माय खाली वाकली. बोटाच्या नखानं तिनं अजून थोडा काढला. तेवढ्यात पाणी भरायला आलेल्या दोन बाया थांबल्या. एक म्हणाली, "काय व, हापशीचे दात काढता काय डाक्टरीनबाई?" कोणी हसलं नाही, तशी तीही वाकून बघायला लागली.

माय सरळ झाली आणि बहिणीकडे बघितलं. तिनं माफी मागितली नाही, आमच्याकडे माय पोरीची माफी मागत नसते. तिनं बहिणीची हनुवटी धरून तोंड उन्हाकडे वळवलं, जसं मी वळवायचे तसं, आणि म्हणाली, "दाखव."

मी ग्रामपंचायतीत गेले. ग्रामसेवक नवीन होता, पोरगेलाच. "मॅडम, ते जुन्या बॉडीचं काम. आता नळयोजना झाली, हापशी आमच्या हिशोबात पिण्याची नाहीच."

"तुमच्या हिशोबात नाही. लोकांच्या माठात आहे. नळ कोरडा असला की ते काय पितात?"

"तसं लोकांनी पिऊ नये."

"हे हापशीवर कुठे लिहिलंय?"

तो म्हणाला, बघतो. वरिष्ठांना विचारावं लागेल, पाणी तपासावं लागेल, रंगाचं बजेट बघावं लागेल. रंगाचं बजेट! निळा लावायला तेव्हा कोणी बजेट बघितलं होतं? मी तिथून बाहेर पडले. परीक्षेत असे प्रश्न येत नाहीत, ज्यांचं उत्तर सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी टिक करत नाही.

बाजाराचा दिवस आला. सकाळीच आत्याबाई हजर. "चाल व पोरी, ऊन व्हाच्या आधी उरकू." बहीण दारात उभी राहिली. ओढणी खांद्यावर होती, तोंडावर नव्हती.

"मी नाई येत आत्याबाई."

"अन् पाहुने?"

"येऊ दे."

आत्याबाई मायकडे वळली. "पाह्यली काय? पोट्टीले तोंड फुटलं. सांग ना तिले!"

माय टोपली डोक्यावर घेत म्हणाली, "तिच्या दाताले कोनी हात नाई लावाचा. लावाचा असन त माह्या लावा, माह्ये पडाले आले." आणि एकटीच बाजाराला गेली.

ती परत आली तेव्हा रिकाम्या टोपलीत लाल ऑइलपेंटचा डबा होता आणि एक ब्रश. घरातही गेली नाही. हापशीपाशी बसून तिनं तोंड, दांडा, सगळंच लाल करून टाकलं. नुसतं तोंड लाल करायचं असतं, असं मी म्हणाले, तर म्हणाली, "तेवढंच केलं म्हून त पुसल्या गेलं."

संध्याकाळी ग्रामपंचायतीचा शिपाई आला. ओळखीचाच माणूस, पण आज कामावर असल्यासारखा उभा. "काकू, सरकारी हापशी हाय. कोनाले इचारून रंगवली?"

"तुमी कोनाले इचारून पुसला होता?"

"म्या नाई पुसला."

"मंग तू काऊन इचारून राह्यला? पुसनाऱ्याले पाठव."

पुसणारा आला नाही. हापशी लाल राहिली.

पाहुणे ठरल्या दिवशी आले. मुलाच्या आईनं पोहे खाऊन झाल्यावर विचारलंच, "पोरीचे दात असे काऊन?" आत्याबाईनं डोळे मिटले. माय म्हणाली, "पान्यानं. चाला, हापशी दाखवतो." बाई काही उठल्या नाहीत. नंतर त्यांचा निरोपही आला नाही. बहीण म्हणाली, "त्याहीच्या गावात सून बी बैलावानी दात पाहून आनतात. बरं झालं." मला मात्र बरं वाटलं नाही, अजून वाटत नाही. एका रंगाच्या हातानं माझ्या बहिणीचं तोंड रंगवलं आणि त्याची किंमत अजून तीच भरते आहे. तिच्या डागांवर इलाज आहेत, दात न जाळता करता येणारे. ते मी करीन, माझ्या हातानं करीन. पण तिला वाटेल तेव्हा. कोणा पाहुण्यासाठी नाही.

परीक्षा झाली. तक्त्यावरचा एक प्रश्न आला, दुसऱ्या दाढेचा माथा कोणत्या वयात पुरा होतो. मी टिक केलं आणि पुढे गेले. एक मार्क.

निकालाची वाट बघत होते त्या दिवसांतली गोष्ट. नळ कोरडा होता. शेजारणीची तीन वर्षांची पोर हापशीपाशी खेळत होती. लाल दांड्याला लोंबकळून तिनं कसंतरी पाणी काढलं आणि ओंजळ तोंडाशी नेली. माय अंगणातून ओरडली, "ए! ते नाई पेत!" धावत जाऊन तिनं पोरीला उचललं, कडेवर घेतलं, घरी आणून माठातलं पाजलं. आमच्या माठात आता विहिरीचं असतं. माय पुन्हा नाल्यापलीकडे जाते, आणि बहीणही जाते.

पोर तांब्यातून घटाघट पीत होती. मायनं तिच्या गालावर बोट ठेवलं, मागच्या बाजूला, जबड्यापाशी, आणि माझ्याकडे बघून विचारलं:

"हिची आता कोनती बनून राह्यली?"

"दुसरी दाढ," मी म्हणाले. "आत्ताच सुरू झाली असन."

"अन् पुढचे?"

"ते अजून दोन वर्षं बनतच राह्यतीन."

माय तिला खाली ठेवायला तयार नव्हती.